चोवीस तासांची खोली

निपाणी स्टँडच्या मागं, टायरच्या दुकानावर
दुसरा मजला. लिफ्ट आहे, चालत नाही.
काउंटरवरचे बाळेश कमते म्हणाले,
"एकट्या बाईला रूम देत नाही ओ आम्ही,"
आणि म्हणता म्हणता, सवयीनं,
माझी पिशवी उचलायला वाकले.
पिशवी जागची हलली नाही.
"काय भरलासा हिच्यात?"
"वजनं," म्हटलं. "पाच किलोची चार.
वखारींतले काटे तपासते मी."
ते कंबर धरून सरळ झाले.
एवढं लोखंड घेऊन कोणी भानगडी करत नाही
असा काहीतरी हिशेब झाला असावा.
रजिस्टर फिरवून माझ्यापुढं सरकवलं.

रकाने कानडीत. मी मराठीत भरले.
कुठून : खानापूर. कुठं : चिकोडी.
येण्याचं कारण या रकान्यात
वरपासून खालपर्यंत सगळ्यांचं "काम",
एकाचंच "सहज".
त्या सहजपाशी मी जरा जास्त थांबले.
निपाणीत, सहज?

गरम पाणी सहा ते सात.
टॉवेलला पन्नास रुपये डिपॉझिट.
साबण नवा, पण खोबऱ्याच्या कापाएवढा.
खिडकी उघडली तर हातभर अंतरावर भिंत,
तिच्यावर कुणी खिळ्यानं कोरलेलं :
तीन वाजता ऊन येतं.
मी तीनला कधी असणार खोलीत.

तंबाखू हवेत, तशीच उशीत.
पलीकडच्या खोलीतला माणूस शिंकायचा
आणि मी मोजायचे.
सात. मग नऊ. मग पाच.
विषमच, प्रत्येक वेळी.
त्याला झोप लागली आणि माझी गेली.

मग मखमलीची पेटी काढली.
हे गेल्यावर लायसन माझ्या नावावर झालं, पेटी तीच.
पितळेची लहान वजनं चिमट्यानं उचलून
एकेक पुसायची,
कुठल्याही गावात असले तरी.

दार वाजलं. कमते, बाहेरच उभे.
"चावी दाराला बाहेरनंच राहिलीया तुमची."
मग पेटीकडं बघून, "हे अगदी खरं असतंय काय?"
"शिक्का आहे."
"मग हिचं सांगा की."
चावीला पितळेचा बिल्ला, पुरीएवढा.
दारातच तराजू धरला मी हातात.
शंभर, पन्नास, वीस, दहा, दोन.
"एकशे ब्याऐंशी."
त्यांनी बिल्ला उलटा करून ठेवला.
एका अंगाला मराठी सात, दुसऱ्या अंगाला कानडी.
काटा होता तिथंच.
"तेवढंच भरतंय की," म्हणाले, जरा खट्टूच झाल्यासारखे.

"एवढी जड कशाला केली?"
"गिऱ्हाईक खिशात घालून नेतंय म्हणून.
तरी तीनची गेली. आठ वर्सांनी पोस्टानं आली परत, पुण्याहनं.
चिठ्ठी न्हाई, काय न्हाई.
तवर कुलूपच बदललोतो आम्ही."
थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.
"ऊट आयता?" म्हणाले, मग स्वतःच सुधारून,
"जेवलासा न्हवं?"

सकाळी सहा दहाला आलेलं पाणी
गरम होतं असं म्हणता येईल.

चिकोडीच्या गाडीत फोन.
"ताई, तुमचं पन्नास राहिलंय माझ्याकडं."
"टॉवेलचे?"
"न्हाई ओ, पितळंचं. दाराच्या कोपऱ्यात गावलं."
"हात नका लावू, घामानं वजन वाढतं त्याचं."
"लावलो की. बिलांवर ठेवलोय. पंखा लई जोरात हाय."

पुढं ते काहीतरी कानडीत म्हणाले, मला नव्हे,
काउंटरवर आलेल्या कुणाला तरी,
आणि फोन चालूच राहिला.
पंख्याचा आवाज, चावी ठेवल्याचा आवाज.
एक शिंक.

खडकलाट येईपर्यंत मी
पन्नासच्या रिकाम्या खळग्यात बोट घालून बसले होते.
कंडक्टरनं पिशवीचं लगेज विचारलं.
"वीस किलो," म्हटलं.
त्यानं उचलून पाहिली नाही.

आणि टॉवेलचे पन्नास,
तेही राहिलेच.